लिहू नकोस, नुसतं सांग

हे मी आजवर कुणाजवळ बोललेलं नाही. नवऱ्याजवळ नाही, बहिणीजवळ नाही. तुम्हाला सांगते आहे ते मन हलकं व्हावं म्हणून नव्हे — तसं काही होत नसतं.

हिंगोलीत माझं सॉफ्टवेअरचं छोटं ऑफिस आहे. खरेदी केंद्रांची, पतसंस्थांची कामं करतो. पूर्वी प्रोग्राम लिहिणारी पोरं आतल्या खोलीत बसायची आणि ते तपासणारी अश्विनी बाहेर, दाराजवळ. ती शिरड शहापूरची, इंजिनिअर. पोरांनी काम संपवून तिच्याकडे ढकलायचं, तिनं चुका काढून लेखी परत पाठवायच्या. रोजची भांडणं. शेवटी मी तिची खुर्ची आत मांडली. प्रत्येक कामात ती पहिल्या दिवसापासून बसेल, असं ठरवलं. टेस्टर वेगळा बसवला की तो परका होतो आणि चुका उशिरा सापडतात — हे तेव्हाही खरं होतं, आजही आहे. ते मी मागे घेणार नाही.

पण खुर्ची आत का मांडली? चुका लवकर सापडाव्यात म्हणून? थोडंसं त्यासाठी. बाकी — तिच्या लेखी तक्रारींची प्रत गिऱ्हाइकाला जायची, ती थांबावी म्हणून. तिला म्हटलं, आता आपण घरचीच माणसं. लिहीत कशाला बसतेस, नुसतं सांग. ती मला मॅडमऐवजी ताई म्हणायला लागली. डबे एकत्र उघडू लागले. आमचा मुख्य प्रोग्रामर प्रशांत तिच्या डब्यातला ठेचा ओढून घ्यायचा आणि म्हणायचा, "चुका कमी काढ, ठेचा जास्त आण." तीही हसायची. लिहिणं बंद झालं.

मग सेनगावकडच्या एका सोयाबीन खरेदी केंद्राचं काम आलं. शेतकऱ्यानं मोबाईल नंबर देऊन नाव नोंदवायचं, माल आणायची पाळी मेसेजने कळायची. सुरू व्हायच्या आधीच अश्विनीनं सांगितलं — एकाच नंबरावर दुसरं नाव टाकलं की पहिलं पुसलं जातं. आपल्याकडे तीन भाऊ एकाचाच नंबर देतात, हे मला कुणी शिकवायला हवं होतं का? माझ्या माहेरी आजही तसंच आहे. पण दुरुस्तीत ठरलेली तारीख टळली असती. मी म्हटलं, पाहू नंतर.

पाहिलं नाही. केंद्र सुरू झालं, आणि भरलेले ट्रॅक्टर घेऊन आलेल्या माणसांची नावंच सापडेनात.

खरेदी संस्थेची माणसं ऑफिसात आली. "हे काहून न्हाई तपासलं?" त्यांच्यातल्या एकानं विचारलं. मी म्हटलं, टेस्टरनं सांगितलंच नाही.

"सांगितलं होतं, ताई," अश्विनी म्हणाली. आवाज नेहमीचाच. "प्रशांतबी होता तवा."

प्रशांत स्क्रीनकडे पाहत राहिला. मी तिला विचारलं, "लिहून आहे का कुठं?"

महिनाअखेर तिला काढलं. काम आमच्याकडेच राहिलं. दोष ऑफिसच्या पद्धतीवर ढकलता येईल, ढकलणार नाही. आजही माझ्याकडे टेस्टर आतच बसतात, आणि लिहून देतात. पद्धत चांगलीच होती. मी ती तिच्याविरुद्ध वापरली.

तुम्ही म्हणाल, दबाव होता, तोंडून निघून गेलं. थांबा — इथवरचं मीही स्वतःला तसंच ऐकवत आले. खरं पुढे आहे.

काही महिन्यांनी नांदेडहून एका कंपनीच्या बाईंचा फोन आला. अश्विनीला कामावर घेणार होत्या. कशी आहे, एवढंच विचारलं. मी नुकतीच जेवून उठले होते. घाई नव्हती, समोर कुणी बसलेलं नव्हतं, माझं काही अडलेलं नव्हतं. चांगली आहे म्हटलं असतं तर विषय तिथंच संपला असता. मी म्हटलं, हुशार आहे, पण चूक दिसली तरी सांगत नाही.

टेस्टरबद्दल याहून वाईट काही बोलता येत नाही. ते मला ठाऊक होतं, म्हणून तेच निवडलं.

तिला ती नोकरी मिळाली नाही.