परमिट काढून नवरोज

"मॅडम, मैं आग लगाएगा," आझादने शांतपणे सांगितलं. तेही माझ्या, सेफ्टी ऑफिसरच्या तोंडावर! मी हेल्मेट टेबलावर आपटलं.

दुबई इन्व्हेस्टमेंट्स पार्कमधल्या आमच्या स्टील फॅक्टरीत तो वेल्डर. मागेच कामगारांची राहायची बिल्डिंग. गेल्या मार्चमध्ये त्याने तिच्यामागे, पेंटच्या गोडाऊनशेजारी, चार लाकडं पेटवली आणि लेखी वॉर्निंग घेतली. दुसरी मिळाली की नोकरी खलास, व्हिसा कॅन्सल. परत जायचं तरी कुठे? सीरियातलं घर युद्धात गेलेलं.

"एवढं काय अडलंय रे?"

अडला होता नवरोज, कुर्द लोकांचं नवं वर्ष. आदल्या संध्याकाळी आग पेटवायची आणि तिच्याभोवती नाचायचं. आझाद कुर्द, पासपोर्ट सीरियाचा. शिरवान कुर्द, पासपोर्ट इराकचा. रोजहातही कुर्द, पण तुर्कस्तानचा. आम्ही खोल्या पासपोर्ट बघून देतो, त्यामुळे तिघे तीन मजल्यांवर. कुर्दांसाठी आमच्याकडे मजलाच नाही.

"मेरा बाप पुलिस के सामने जलाता था. पकड़के ले जाते थे. अगले साल फिर जलाता था," आझाद म्हणाला. "इधर तो सिर्फ कॅमेरा है."

कप्पाळ! मी चिपळूणची. शिमग्याला होळी पेटली नाही तर आमची अख्खी वाडी रुसून बसेल. पण म्हणून काय पेंटच्या गोडाऊनशेजारी आगी लावू द्यायच्या? माझा जीव टांगणीला. रोज बिल्डिंगमागे चक्कर मारायची, धुराचा वास येतोय का बघायचं. त्याच्यावर चिडायची आणि त्याचीच काळजी करत बसायची.

मग आठवलं, फायर एक्स्टिंग्विशरचं ट्रेनिंग बाकी आहे! त्यात मोकळ्या यार्डात परमिट काढून लोखंडी ट्रेमध्ये खरी आग लावतात आणि कामगारांकडून विझवून घेतात. मी नवरोजच्या आदल्या संध्याकाळची वेळ टाकली.

आमचे प्लांट मॅनेजर मेनन बघायला आले. "एरवी डिझेल जाळता. यंदा लाकूड?"

"पॅलेट्स फार साठलेत, सर."

"आणि तिघंच?"

"पहिली बॅच, सर."

आग पेटली. मी आझादच्या हातात एक्स्टिंग्विशर दिला. त्याने तो हळूच खाली ठेवला. तिघांनी करंगळीत करंगळी अडकवली, खांद्याला खांदा लावला आणि पावलं टाकायला सुरुवात केली. आझाद हसत होता आणि डोळ्यांतून पाणी गळत होतं.

"यल्ला, आटपा! विझवत का नाहीत?" मेनन ओरडले.

"आधी आगीचं निरीक्षण, सर."

"नाचत?"

मेनननी आधी माझ्याकडे बघितलं, नंतर तिघांकडे. मग त्यांनी वाकून एक फळी उचलली आणि ट्रेमध्ये टाकली.

"सर, ग्लोव्हज!" मी किंचाळले.

शेवटी आग आझादनेच विझवली, शिकवल्याप्रमाणे, बुडाशी फवारा मारून. वॉर्निंग नाही, काही नाही. जाताना विचारतो, "मॅडम, अगले साल?"

"ट्रेनिंगचा रिफ्रेशर दरवर्षी लागतोच," मी म्हटलं.

सेफ्टीत एवढी वर्षं घालवून एक कळलं. जी आग लागणारच आहे, तिचं परमिट आधी काढून ठेवावं.