कुठली बाजू मोकळी?

मैदानाच्या दाराशी आलं की वखारवाले थांबायचे. उजव्या हाताचा पंजा कपाळावर आडवा धरायचे, लाकडाचा ढीग जोखावा तशी नजर आधी एका बाजूच्या पायऱ्यांवरून फिरवायचे, मग दुसऱ्या बाजूच्या. आणि विचारायचे, "वेल्डर, कुठली बाजू मोकळी?" ऊन नसलं, वर छप्पर असलं, तरी पंजा कपाळावर जायचाच.

सिंगापुरातल्या कॉलेजांच्या मैदानांवर तुम्ही कधी फुटबॉल पाहायला गेला असाल, तर तुम्हीही त्यांना पाहिलं असेल. पांढरा सदरा, पांढरी टोपी, काखेत लांब दांड्याची छत्री, आणि आजूबाजूच्या पायऱ्यांवर चिटपाखरू नाही. गर्दीत बसलेला असा कुणी दिसला असेल तर ते वखारवाले नव्हेत.

कोल्हापुरात त्यांची लाकडाची वखार होती म्हणून मी त्यांना वखारवाले म्हणायचो. मी सेम्बावांगच्या गोदीत जहाजांचे पत्रे सांधत जन्म काढला म्हणून ते मला वेल्डर म्हणायचे. मी चौथी शिकलेला माणूस. पण मी मारलेला सांधा कुठल्याही समुद्रात सुटला नाही, हे मी कुणाच्याही तोंडावर सांगतो. तेव्हा डोळे चांगले आहेत माझे. जे पाहिलं तेच लिहितोय.

त्यांचा मुलगा वन-नॉर्थला कॉम्प्युटरच्या नोकरीत. बायको गेल्यावर त्यानं बापाला इकडे आणलं, आमच्याच ब्लॉकमध्ये. खालच्या दगडी टेबलाशी बसून ते मला हिंदीत विचारू लागले, "भाईसाब, इधर फुटबॉल किधर बघने को मिलेगा?" त्या 'बघने'वरूनच मी ओळखलं. म्हटलं, मराठीत बोला, आणि फुटबॉल टीव्हीवर बघा.

"टीव्हीत गवताचा वास येतो व्हय?" त्यांनी विचारलं.

पुढच्या शनिवारी मी त्यांना एमआरटीच्या रेल्वेत बसवून मैदानावर नेलं, आणि मग ते मला नेऊ लागले.

आम्ही एकही कॉलेज सोडलं नाही. पश्चिमेकडच्या मोठ्या विद्यापीठात हॉस्टेलं एकमेकांशी भिडतात. तोंडं रंगवलेली, ढोल गळ्यात, खांद्यावर हात टाकून अख्खी रांग डावी-उजवीकडे उड्या मारते. कोल्हापुरात पेठापेठांचे संघ असेच भिडतात, म्हणून वखारवाले खूश. "ही आमची पेठ!" आणि लगेच, "शिव्या न्हाईत पण. मीठ कमी पडलंय."

पुढे रॅफल्स प्लेसच्या बँकांत जाणारी पोरं शिकतात ते कॉलेज वेगळं. इस्त्रीचे शर्ट, हातात बबल टी, गोल झाला की बोटांच्या टोकांनी टाळी. "ही गोल बघत्यात का शेअरचा भाव?" पॉलिटेक्निकच्या मलय पोरांकडे ढोलकी आणि गाणी, आणि पुड्यांमधून नासी लेमाक, म्हणजे नारळाच्या दुधातला भात, घेऊन आलेल्या आया. एका बाईनं त्यांच्या हातात पुडी ठेवली. ते मांस-मासळी खात नसत शनिवारी. आतला मासा त्यांनी मला दिला आणि भात स्वतः खाल्ला, त्या माउलीला कळू न देता.

आणि ज्युनियर कॉलेजची गणवेशातली पोरं. समोर एक पोरगी हात हलवते आणि सगळ्या पायऱ्या एका तोंडानं ओरडतात. आपल्या नावानं ओरडून झालं की समोरच्या कॉलेजच्या नावानंही एकदा ओरडतात. हे पहिल्यांदा ऐकलं तेव्हा वखारवाल्यांनी माझा दंड धरला.

"ह्यांनी समोरच्यांचं नाव घेतलं?"

"घेतात इथं."

"आमच्यात असं कुणी केलं असतं तर पेठेत पाय ठेवू दिला नसता त्याला." अर्धी मॅच गेल्यावर म्हणाले, "चांगलं हाय पण."

आता मोकळ्या बाजूची गोष्ट. इथली एक रीत तुम्ही पाहिली असेल. खेळ संपला की दोन्ही संघ आपापल्या पायऱ्यांसमोर ओळीनं उभे राहतात आणि आपल्या माणसांना कमरेत वाकून नमस्कार करतात. जिंकलेले तर करतातच, हरलेलेही करतात.

एकदा मुलींचा सामना होता. एक संघ उत्तरेकडच्या एका छोट्या कॉलेजचा. तिथली पोरं शिकता शिकता कामाच्या शिफ्ट करतात, सामन्याला यायला सवड कुणाला? पोरी हरल्या. सवयीनं पायऱ्यांसमोर ओळ धरून उभ्या राहिल्या. समोर नुसतं सिमेंट. कुणीतरी हसलं, आणि न वाकताच त्या पिशव्या उचलायला गेल्या.

परतताना हॉकर सेंटरमध्ये, म्हणजे खाण्याच्या टपऱ्यांच्या मंडईत, कोपी घेतली, इथली कॉफी. वखारवाल्यांनी कप ओठाला लावला नाही. "वाकायला समोर माणूस नको का, वेल्डर?" एवढंच बोलले.

त्यानंतर ते मोकळ्या बाजूलाच बसू लागले. कॉलेज कुठलं, याच्याशी देणंघेणं नाही. पण त्या छोट्या कॉलेजच्या पोरींचा सामना असला की हटकून हजर. एकटा माणूस केवढा आवाज काढेल? पण कोल्हापुरात झाडावर बसून ओरडलेला गळा होता तो. गोल बसला की छत्री सिमेंटवर आपटायचे आणि गरजायचे, "गेला तर गेला! खेळ आपलाच!" चिनी, मलय, तमिळ पोरी, त्यांना काय कळणार? पण कळायचं. मान वर व्हायची. पुढे पुढे तर गोल खाल्ला की त्यांची गोलकीपर स्वतःच ओरडायची, "गेला तार गेला!"

तिनंच एकदा विचारलं, "अंकल, यातली तुमची कोण?"

वखारवाल्यांचं इंग्रजी माझ्याहून वाईट. सगळ्या ओळीवरून हात फिरवून म्हणाले, "ऑल माय."

आणि त्यांची खरोखरची नात, सई, मोठ्या विद्यापीठाकडून खेळायची. पुढच्या फळीत, आणि शेवटच्या वर्षी कॅप्टन. तिच्या मागे नेहमी ढोल, म्हणून वखारवाले तिच्या सामन्यांतही समोरच्या बाजूला बसत. घरात यावरून कुरबुर असायची, पण हसण्यावारी जायची. मग अंतिम सामना लागला: सईचं विद्यापीठ, आणि समोर त्याच छोट्या कॉलेजच्या पोरी.

मी त्यांच्याकडे चहाला बसलो होतो तेव्हा सई आली, गुडघ्यावर पट्टी बांधलेली. त्यांच्या खुर्चीच्या हातावर टेकली. "आबा, लास्ट मॅच आहे माझी. देन नो मोर. धिस वन टाइम माझ्या साइडला बस ना."

मुलगा म्हणाला, "बाबा, अख्खं घर एका बाजूला आणि तुम्ही एकटे समोर? लोक काय म्हणतील? आणि लोकांचं सोडा, तिला काय वाटेल?"

वखारवाल्यांनी बशी खाली ठेवली. सई उठून आत गेली आणि दार जरा जोरात लागलं.

सामन्याच्या दिवशी एमआरटीत आमचं कडाक्याचं भांडण झालं.

"रक्ताची नात आहे, वखारवाले. तिकडं बसा, घसा फोडून ओरडा, विषय संपला."

"तिच्यामागं विद्यापीठ हाय. ढोल हाय. आईबाप हायत. तुमी हाय."

"मी आहेच. मी सईच्याच बाजूला बसणार, तुम्ही कुठंही बसा."

"मग एक म्हातारा बास की तिला."

"अहो, तुम्ही आजोबा आहात तिचे!"

"म्हणून तर." ते खिडकीबाहेर पाहत होते. "मी कुठं बी बसलो तरी तिच्याकडची माझी जागा जात न्हाई. त्या पोरींकडची जाती."

मैदानाच्या दाराशी पंजा कपाळावर गेला. एका बाजूला निशाणं, ढोल, रंगवलेली तोंडं, पाय ठेवायला जागा नाही. समोर पाण्याच्या बाटल्यांचा एक क्रेट. या वेळी त्यांनी मला काही विचारलं नाही. नेहमीपेक्षा जास्त वेळ उभे राहिले. मग छत्री काखेत मारली आणि चालू लागले, क्रेटच्या बाजूला.

सईनं पाहिलं. मी तिच्याकडेच बघत होतो. तिनं मान फिरवली आणि बुटाची नाडी सोडून पुन्हा बांधली.

सामना चुरशीचा झाला. एक-एक अशी बरोबरी. शेवटाला सईला पास मिळाला, ती एकटी आत शिरली आणि गोल. आमची बाजू फुटली नुसती. माझ्या पाठीवर कुणीतरी ढोलच आपटला. पण माझी नजर समोर. वखारवाले ताडकन उभे राहिले होते, दोन्ही हात वर, छत्रीसुद्धा वर. क्षणभर तसेच. मग हात हळूहळू खाली आले, छत्री सिमेंटवर आपटली, आणि एवढ्या गोंगाटातून आवाज आलाच: "गेला तर गेला! ऊठ की माझी बाय!" गवतात पालथी पडलेली गोलकीपर उठली.

शिट्टी झाली. सईचा संघ आमच्यासमोर येऊन वाकला. समोर छोट्या कॉलेजच्या पोरींनी ओळ धरली आणि एका म्हाताऱ्यासमोर कमरेत वाकल्या. वखारवाल्यांनी टोपी काढली आणि त्यांच्याहून खाली वाकले.

सई ते बघत होती. तिनं आपल्या पोरींना काहीतरी सांगितलं आणि सगळ्या मैदान ओलांडून निघाल्या. मला वाटलं, जाब विचारायला चालली. मीही पायऱ्या उतरून मैदानामधूनच गेलो. मला कुणी अडवलं नाही, अडवलं असतं तरी मी थांबलो नसतो.

सईनं क्रेटच्या बाजूला आपली ओळ लावली. जिंकलेला संघ, पलीकडच्यांच्या पायऱ्यांसमोर. सगळ्या एकदम वाकल्या आणि ओरडल्या, "थँक यू, सपोर्टर्स!" सपोर्टर्स म्हणजे ते एकटे.

आयुष्यात मी मोठमोठी जहाजं पाण्यात उतरताना पाहिली आहेत. तेव्हाही माझी छाती एवढी भरून आली नव्हती, आणि ती पोरगी तर माझी कुणीच नाही.

वखारवाले टोपी हातात धरून उभे. शेवटी म्हणाले, "दुसरा गोल ऑफसाइड होता."

"आबा! नॉट ऑफसाइड लाह!"

"होता. मी शांतपणे बघत होतो. तुझी माणसं ढोल बडवत होती."

सई हसत रडत होती की रडत हसत होती, मला सांगता येत नाही. तिनं मातीनं माखलेलं कपाळ त्यांच्या पांढऱ्या सदऱ्यावर टेकलं. तो डाग त्यांनी सुनेला धुऊ दिला नाही.

त्या ऑफसाइडवरून पुढे दगडी टेबलाशी रोज वाद. मी सईच्या बाजूनं. पास सुटला तेव्हा ती पलीकडच्या संघाच्या शेवटच्या बचाववाल्या पोरीच्या बरोबरीनं होती, मी या डोळ्यांनी पाहिलं, आणि हे मी त्यांना शंभरदा ऐकवलं. ते एक बोट हलवायचे. "होता."

मग गुडघे गेले, मैदानाच्या पायऱ्या जमेनात, आणि ते थोरल्या मुलाकडे कोल्हापूरला परतले. शनिवारी फोन यायचा, "आज कुठली बाजू मोकळी?" गेल्या वर्षी फोन आला तो त्यांच्या थोरल्याचा होता.

सईला आता वन-नॉर्थला नोकरी आहे. परवा शनिवारी ती माझ्या दाराशी उभी. "वेल्डर आजोबा, छोट्या कॉलेजची मॅच आहे. कमिंग?" मी चपला घातल्या.

मैदानाच्या दाराशी ती थांबली आणि तिचा पंजा कपाळावर गेला. कुणी शिकवलं नव्हतं तिला. एका बाजूवरून नजर फिरली, मग दुसऱ्या. दोन्ही बाजू भरलेल्या. छोट्या कॉलेजच्या पायऱ्यांवर कामाच्या कपड्यांतली पोरं, आया, जुन्या खेळाडू, एक ढोलसुद्धा. त्यांच्या संघानं गोल खाल्ला आणि सगळी बाजू एका तोंडानं ओरडली, "गेला तार गेला!"

आम्हाला बसायला जागाच नव्हती. दाराशी उभ्यानंच सामना पाहिला. मग सई मैदानाकडे बघतच म्हणाली, "तो ऑफसाइड नव्हता हं, आजोबा. तुम्ही पाहिलंय."

पाहिलं होतंच मी. पण त्या वादात वखारवाल्यांच्या बाजूला आता कुणी उरलं नव्हतं.

"होता," मी म्हणालो.