सोमवारची जावक

सासऱ्यांना मी घरातून घालवायला टपले होते, असं कुणी म्हटलं तर मी भांडेन. पण पहिले दोन महिने मनातून तेच चाललं होतं, हे आता कबूल करायला हरकत नाही.

बाबा केंद्र सरकारच्या एका कार्यालयातून निवृत्त झाले. उभी नोकरी डिस्पॅचमध्ये, म्हणजे आपल्या मराठीत जावक विभागात. बाहेर जाणाऱ्या प्रत्येक कागदाला क्रमांक द्यायचा, वहीत नोंद करायची, पोच आली की शेरा मारायचा. क्वार्टर सोडावं लागलं तसे ते गाझियाबादला आमच्या नव्या फ्लॅटमध्ये आले. सासूबाईंना जाऊन तेव्हा तीन वर्षं झाली होती. सोसायटी इतकी नवी होती की लिफ्टच्या आरशावरचं प्लास्टिकही निघालेलं नव्हतं, आणि माहितीपत्रकातल्या पोहण्याच्या तलावाच्या जागी एक खड्डा होता. त्यात शेजारच्या गावच्या म्हशी मात्र मनसोक्त पोहत.

बाबांनी सुटकेस काही रिकामी केली नाही. कपडे काढायचे, घालायचे, धुऊन-वाळवून पुन्हा तिच्यातच ठेवायचे. सोसायटीच्या फॉर्मवर त्यांनी कायमचा पत्ता म्हणून नाशिकच्या धाकट्या भावाचं घर लिहिलं आणि आमच्या फ्लॅटपुढे कंसात 'हंगामी'.

"होळी झाली की नाशिकला जातो," ते म्हणायचे. होळीनंतर म्हणाले, "पाडवा झाला की जातो." मधल्या काळात दिवसभर माझ्या मागे-मागे फिरून पंखे आणि दिवे बंद करायचे. मी खोलीत असले तरी.

मी तेव्हा घरी बसून भाषांतरं करायची आणि उरल्या वेळात ब्लॉग लिहायची. दर सोमवारी एक लेख. दिल्लीत मराठी माणसाला ओला नारळ कुठं बरा मिळतो, कस्तुरबा गांधी मार्गावरच्या अतिथिगृहात थालीपीठ कोणत्या वारी असतं, आणि कोथिंबिरीच्या वड्या खाऊन पंजाबी शेजारीण काय म्हणाली, असला सगळा मालमसाला. उजव्या बाजूला दुसऱ्या मराठी ब्लॉगांची वीस-बावीस नावं लावलेली होती. आपण आपल्या वाचकांना त्यांच्याकडे पाठवायचं, त्यांनी त्यांच्या वाचकांना आपल्याकडे, असा तेव्हाचा शिरस्ता होता.

एका सोमवारी बाबा खुर्चीमागे उभे राहिले. "ही नावांची यादी कसली?"

"लिंक आहेत, बाबा. नावावर टिचकी मारली की माणूस इथून उठून त्यांच्याकडे जातो."

"अच्छा. म्हणजे जावक."

"हो, तसंच समजा."

"मग नोंद कुठाय?"

मी हसले. ते हसले नाहीत. संध्याकाळी खालच्या मार्केटमधून लाल कापडी पाठीची जाडजूड वही आली. रकाने आखले गेले: क्रमांक, तारीख, कुणाकडे, विषय, शेरा. दर सोमवारी अकरा वाजता, इस्त्रीचा शर्ट घालून, बाबा माझ्या संगणकापुढे बसू लागले. मी त्यांना मराठी टाइप करायला शिकवलं. एका बोटानं का होईना, पण चूक न करता टाइप करायचे. एकेक लिंक उघडायची, ती खरंच तिथं पोहोचते का पाहायची आणि वहीत शेरा लिहायचा. 'पोच मिळाली.' 'पत्त्यावर कुणी नाही.'

दिल्लीतल्या मुनिरक्यात भाड्याच्या खोलीत राहणाऱ्या एका विद्यार्थिनीनं दोन महिने काही लिहिलं नव्हतं. बाबांनी तिला स्मरणपत्र पाठवलं. उत्तर नाही. मग दुसरं स्मरणपत्र, आधीच्याचा संदर्भ देऊन. तिसऱ्याला तिचं उत्तर आलं, "काका, इतक्या वेळा तर माझा गाइडसुद्धा विचारत नाही. लिहिते!" आणि खरंच लिहिती झाली. त्या दिवशी बाबांनी चहात साखर घेतली, डॉक्टरांनी बंद केलेली.

एकदा घरं विकणाऱ्या एका दलालाचं पत्र आलं. तुम्ही आमची लिंक लावा, आम्ही तुमची लावू. मला मोह झाला, कारण त्याच्याकडे म्हणे खूप लोक यायचे. बाबांनी त्याचं पान उघडलं. आमच्याच रस्त्यावरच्या इमारतींचा फोटो होता आणि मागे हिरवेगार डोंगर.

"गाझियाबादला डोंगर कधी आले?" बाबांनी चष्मा पुसून पुन्हा पाहिलं. "जिथं मी स्वतः जाणार नाही, तिथं दुसऱ्याला कसं पाठवू?" आणि त्यांनी टाइप केलं, 'आपली विनंती विचारात घेता येत नाही.' माझ्या नवऱ्यानं ते वाक्य कागदावर लिहून फ्रीजवर चिकटवलं. मग कितीतरी दिवस घरात कुणी काही मागितलं की त्याच वाक्याकडे बोट दाखवायचं, अशी पद्धत पडली.

सुटकेस अजून पलंगाखालीच होती. पण नाशिकचा विषय निघेनासा झाला होता आणि मला त्याचा आनंद होत होता. होय, मला. जिला पंख्यांवरून रडू यायचं, तिला.

आणि मग मीच माती खाल्ली.

मे महिन्यातली गोष्ट. भाषांतराचं काम गळ्याशी आलेलं, सोमवार उजाडला आणि लेख तयार नाही. दिल्लीच्या लष्करी छावणीत राहणाऱ्या एका जवानाच्या बायकोचा ब्लॉग आमच्या यादीत होता. साताऱ्याकडची बाई. तिनं कुरडयांवर लिहिलेलं मी ओझरतं पाहिलं होतं. मी त्यातली तीन वाक्यं उचलली, पुढे-मागे माझं पीठ लावलं आणि लेख टाकून दिला. तिची वाक्यं अशी होती: 'दिल्लीची लू कुरडई वाळवत नाही, भाजते. सकाळी घातलेली दुपारी उचलली नाही तर हाताला चुरा लागतो. इथं वाळवण राखायला म्हातारी लागत नाही, घड्याळ लागतं.'

लोकांना लेख बेहद्द आवडला. म्हणजे ती तीन वाक्यंच आवडली. मी खुशाल आभार मानत बसले.

अकरा वाजता बाबा बसले. एकेक लिंक उघडत छावणीपर्यंत आले, थांबले. मग माझं पान उघडलं, पुन्हा तिचं. वही तशीच ठेवून मला हाक मारली.

"हे तिचं आहे."

"तीनच वाक्यं आहेत, बाबा. कुणाला कळतंय?"

"मला कळलं." ते शांतपणे म्हणाले. "नक्कल असेल तर नक्कल म्हणून जाऊ दे, खाली तिचं नाव घाल. मूळ प्रत म्हणून मी पाठवणार नाही."

चोर पकडला की चिडतो. मीही चिडले. "हा ब्लॉग आहे, तुमचं ऑफिस नाही! आणि मूळ प्रतीच्या गोष्टी तुम्ही सांगता? तुम्ही आयुष्यभर दुसऱ्यांच्याच कागदांवर शिक्के मारले. स्वतःची एक ओळ तरी लिहिलीत का कधी?"

शब्द तोंडातून गेला आणि तो परत बोलवायची सोय कुठल्याच वहीत नव्हती. बाबांनी टोपण लावलं, वही मिटली आणि आपल्या खोलीत गेले. दुसऱ्या दिवशी कुणाला न सांगता स्वतः स्टेशनवर जाऊन नाशिकचं तिकीट काढून आले. दोनच दिवसांनी, गुरुवारचं. सुटकेस पलंगाखालून निघून दाराशी आली. भांडण नाही, टोमणा नाही. उलट जेवताना भाजी छान झाल्याचं म्हणाले.

नवरा मला एवढंच म्हणाला, "तू बोललीस, तूच निस्तर यार."

मी आधी सोपं ते केलं. लेखाच्या वरच स्पष्ट लिहिलं की ही तीन वाक्यं माझी नाहीत, कुणाची आहेत, आणि तिथं जायची लिंक दिली. मग धीर करून छावणीतल्या त्या बाईला पत्र लिहून माफी मागितली, खाली फोन नंबर दिला. तासाभरात तिचा फोन आला.

"अहो ताई, त्यात काय एवढं! मला वाटलं, तुम्हालाबी तसंच सुचलं असंल."

हे मात्र शिव्यांपेक्षा जास्त लागलं. मी काही बोलायच्या आत तीच पुढे म्हणाली, "पण तुमच्या काकांची तब्येत बरी हाय ना? या सोमवारी त्यांची चिठ्ठी न्हाई आली. दर सोमवारी लेखाखाली लिहित्यात. मी तर नवऱ्याला फोनवर वाचून दाखवते, तो बॉर्डरला असतो ना. खाली नाव नसतं, नुसतं 'गाझियाबाद' आन् कंसात 'हंगामी'. आम्ही त्यांना हंगामी काकाच म्हणतो."

फोन ठेवला आणि मी संगणकापुढे बसले. ज्या लिंक मी दिमाखात मिरवत होते त्यांच्यावर मी स्वतः कितीशी जात होते? वाक्यं उचलायला गेले तेवढीच. आता एकेक उघडत गेले, आणि प्रत्येक ठिकाणी लेखाखाली बाबा भेटत गेले.

मुनिरक्याच्या मुलीला लिहिलं होतं, 'आपण खोलीच्या खिडकीविषयी लिहिले आहे. आमच्या कार्यालयात पस्तीस वर्षे माझ्या टेबलाला खिडकी नव्हती. आता इथे आहे. त्यातून म्हशी दिसतात. बरे वाटते.' एका पुस्तकवेड्याला लिहिलं होतं, 'हजारो लिफाफे पाठवले, एकही उघडून पाहिला नाही. आता रोज उघडतो आहे.' आणि छावणीतल्या त्या कुरडयांच्या लेखाखाली, मी वाक्यं चोरण्याच्या आठवडाभर आधी:

'आमच्या घरीही दर उन्हाळ्यात कुरडया होत. ती गच्चीवर घालत असे तेव्हा मी कार्यालयात असे. संध्याकाळी डब्यात भरलेल्या दिसत. त्या वाळतात कशा, हे आज आपल्यामुळे कळले. आभारी आहे.'

मी रडले. चांगली मोठ्यानं रडले. आणि ज्या माणसाला 'एक ओळ तरी लिहिलीत का' म्हणून विचारलं, त्याच्या ओळी वीस घरांत वाचल्या जात होत्या, हे कळून त्याच रडण्यात हसूही आलं.

मी त्या सगळ्या चिठ्ठ्या उतरवून छापल्या, टाचणी लावली आणि वर त्यांच्याच पद्धतीचं पत्र जोडलं. 'विषय: जावक लिपिकाने स्वतःचे लेखन ब्लॉगवर सादर करणेबाबत. अर्जदार आपल्या उद्धट बोलण्याबद्दल क्षमा मागत आहे. लेख सोमवारपर्यंत अपेक्षित.' आणि बुधवारी सकाळी त्यांच्या चहाच्या कपाखाली ठेवलं.

बाबांनी सगळं वाचलं. दोनदा वाचलं. मग चष्म्यावरून माझ्याकडे पाहिलं.

"विषयात चूक आहे. मी लिपिक नव्हतो. सेक्शन ऑफिसर म्हणून निवृत्त झालोय."

"दुरुस्त करते."

"आणि सोमवारची मुदत दिलीयस. गुरुवारी तर माझी गाडी आहे."

"आपली विनंती विचारात घेता येत नाही," फ्रीजजवळून नवरा ओरडला.

बाबा असे हसले की चहा बशीत सांडला. दुपारी नवरा तिकीट रद्द करायला गेला तो शीळ घालत गेला.

लेख त्यांनी चार दिवस लिहिला. कुरडयांवर नाही, सासूबाईंच्या गच्चीवर. घरी असताना आपण काय-काय पाहिलं नाही, त्याविषयी. मी एकही शब्द बदलला नाही, त्यांनी बदलू दिलाच नसता. छावणीतली बाई नवऱ्याला फोनवर वाचून दाखवताना अडली म्हणे, मग त्यानंच "पुढचं सावकाश वाच" म्हटलं.

पण त्या आधी, सोमवारी अकरा वाजता, इस्त्रीचा शर्ट घालून बाबांनी वही उघडली. म्हणाले, "स्वतःच्या कागदाची नोंद स्वतः करू नये. तू लिही." मी लिहिलं. क्रमांक, तारीख, विषय. शेऱ्याच्या रकान्यात लिहिलं, 'मूळ प्रत.' लेखाखाली नाव म्हणून काय घालायचं, ते विचारलं तर त्यांनी कीबोर्ड आपल्याकडे ओढला आणि एका बोटानं टाइप करू लागले. नेहमीसारखं नाव नाहीच. गाझियाबाद, एवढंच. मी कंसाची वाट पाहत उभी राहिले. त्यांनी पूर्णविराम दिला.

"चलो," ते वहीचं पान उलटत म्हणाले, "पुढचा कागद घे."