रिकामी पुंगळी

आमच्या पोलिसांच्या गोळीबाराच्या सरावात नेम चुकला तर साहेब नुसते हसायचे. पण झाडलेल्या गोळीची रिकामी पुंगळी हरवली तर चौकशी लागायची. म्हणून गोळी सुटली, की आम्ही आधी खाली वाकायचो. ती लागली कुठे, हे बघायला सवड कुणाला होती? माझा जोडीदार सायखेड्याचा. त्याची पुंगळी कधीच हरवली नाही, आणि कौतुक व्हायचं ते त्याचंच.

द्वारका चौकात भर दुपारी एकजण कोयता घेऊन आमच्या अंगावर धावून आला. जोडीदाराने पिस्तूल काढून गोळी झाडली. ती वाया गेली. दुसरी झाडायची सोडून हा बाबा सवयीने पुंगळी उचलायला वाकला. आम्ही त्या माणसाला धरेपर्यंत कोयता जोडीदाराच्या खांद्यात बसला होता.

दवाखान्यात शुद्धीवर आल्यावर त्याने पहिलं विचारलं, "पुंगळी सापडली का रे?"

"सापडली," मी म्हणालो. दुसरं काय डोंबल सांगणार? त्याला रस्त्यावरून उचलायच्या आधी आमच्यातल्याच कुणीतरी ती उचलली होती.