शेजारचा बारावा गडी

सप्टेंबरातला लेबर डेच्या सुट्टीचा सोमवार, दुपारची वेळ. ऐंशीच्या दशकाचा मध्य. स्थळ, अमेरिकेतल्या नोव्हाय गावातल्या आमच्या घराचे मागचे अंगण. पैज एका हिवाळ्याच्या बर्फाची. हजर चौघे: मी, माझी पत्नी नलिनी, आमचे जुने स्नेही डॉक्टर पाटणकर आणि शेजारचा बारावा गडी. आम्ही तिघे खुर्च्यांवर बसलो होतो. बारावा गडी हातात प्लेट घेऊन उभा होता.

तो बसतच नसे. आमच्याकडे जेवायला आला तरी उभ्याने जेवायचा. नलिनी पहिल्या वेळी कानकोंडी झाली. "अहो, त्याला बसायला सांगा ना, मला कसंतरीच वाटतं." मी सांगितले. तो म्हणाला, "बसलं की पाय झोपतात. मग कुणी हाक मारली तर त्यांना उठवण्यात वेळ जातो."

बारावा गडी हे नाव पाटणकरांनी ठेवलेले. तो जवळच्या शहरातल्या व्यावसायिक फुटबॉल संघात राखीव क्वार्टरबॅक होता. इथल्या फुटबॉलमध्ये जवळजवळ प्रत्येक चाल क्वार्टरबॅकच्या हातातून सुरू होते. मैदानावर असा एकच असतो. त्याला इजा झाली तर उतरवण्यासाठी दुसरा रेषेबाहेर उभा असतो, तो हा. खेळतात अकरा, म्हणून हा बारावा. संघात चाळीसच्या वर माणसे असतात, तेव्हा हे नाव हिशेबात बसत नाही, असे मी पाटणकरांना सांगितले. "देशमुखसाहेब, यार, हिशेब ऑफिसात करा," ते म्हणाले. नाव राहिले.

पैज लागली ती माझ्या औपचारिकपणामुळे. चार शब्द बरे बोलावे म्हणून मी त्याला म्हणालो, "यंदा तुला खेळायला मिळणार." त्याने प्लेट दुसऱ्या हातात घेतली. "मिळू नये. मी खेळलो म्हणजे त्याचं काहीतरी मोडलं. मी पैज लावतो, यंदा एकही सामना मी सुरू करणार नाही." पाटणकरांना असली संधी हवीच असते. त्यांनी तिथल्या तिथे ठरवून टाकले: हरणाऱ्याने जिंकणाऱ्याच्या ड्राइव्हवेवरचा, म्हणजे गॅरेजपासून रस्त्यापर्यंतच्या वाटेवरचा, बर्फ हिवाळाभर काढायचा. अशा रीतीने तो खेळणार नाही यावर त्याची पैज आणि खेळणार यावर माझी. खरे सांगायचे तर तो खेळावा असे मला मनापासून वाटत नव्हते.

याचे कारण लिहिले पाहिजे. मी मोटारींच्या ब्रेकच्या विभागात उपप्रमुख होतो. आमचे प्रमुख फ्रँक यांची जुलैत बायपास झाली आणि त्यांच्या खुर्चीवर मी बसलो. फ्रँक आता परत येत नाहीत, असे ऑफिसात सगळे म्हणत. मी कोणाचे म्हणणे खोडून काढत नसे. आठ वर्षे मी त्यांचे काम त्यांच्या नावाने केले होते, आता तेच काम माझ्या नावाने करत होतो. ती खुर्ची मला हवी होती. आणि शेजारी हा माणूस, नुसता उभा राहण्याचे माझ्या दुपटीहून जास्त पैसे घेणारा, दुसऱ्या जागेवर इतक्या आनंदात राहत होता की मला ते सहन होत नसे.

पहिल्या क्वार्टरबॅकबद्दल त्याला सगळे ठाऊक असे. "आज त्याचा घोटा बरा आहे," तो सकाळी वर्तमानपत्र उचलता उचलता सांगायचा. संघाच्या खुणांची भाषा असे. प्रशिक्षकाने ठरवलेली चाल हा रेषेवरून हातवारे करून पहिल्याला कळवायचा. त्या खुणा दर आठवड्याला बदलत आणि हा त्या ड्राइव्हवेवर घोकायचा. कोपर, टोपी, छाती, कान. पाटणकर एकदा गाडीतून उतरले आणि पाहतच राहिले. "हा कथकली कुठे शिकला हो?" नलिनी मात्र कौतुकाने म्हणाली, "किती मन लावून करतो, आणि तेही दुसऱ्यासाठी." मीही आठ वर्षे दुसऱ्यासाठीच मन लावले होते. ते तिच्या तोंडातून कधी आले नव्हते.

आणखी एक. फ्रँक मला आठ वर्षे 'देश' म्हणत आले. या माणसाने नलिनीकडून दोनदा ऐकले आणि तिसऱ्या वेळी स्वच्छ 'देशमुख' म्हणाला.

ऑक्टोबरात पहिल्याचे गळ्याखालचे हाड, कॉलरबोन, मोडले. बारावा उतरला, आणि पुढे सलग सहा सामने त्याने सुरू केले. संघ चार जिंकला. त्याच्या खेळात डोळे दिपावेत असे काही नव्हते. चेंडू हातातून गमवायचा नाही, धोक्याचा टाकायचा नाही, आपल्या माणसांना ओरडून घाबरवायचे नाही, इतकेच. रेडिओवर लोक फोन करून सांगू लागले, आता हाच हवा. ऑफिसात मला कॉफीच्या यंत्रापाशी अडवून विचारू लागले, "तो तुमच्या शेजारी राहतो ना?" ब्रेकच्या नव्या चाचणीबद्दल त्या महिन्यात मला कोणी काही विचारले नाही. पाटणकरांनी त्याच्याबरोबर फोटो काढून नागपूरला भावाला पाठवला.

पैज मी जिंकलो होतो. नोव्हेंबरअखेरच्या थँक्सगिव्हिंगच्या आधी पहिला बर्फ पडला आणि फावड्याच्या आवाजाने मला जाग आली. साऱ्या शहराचा लाडका माणूस आमच्या ड्राइव्हवेवर वाकला होता. रस्त्यावरच्या गाड्या हळू होत होत्या, काचा खाली होत होत्या, लोक नावाने हाक मारत होते. नलिनी कॉफी घेऊन बाहेर गेली. पाटणकर मुद्दाम बघायला आले. "देशमुखसाहेब, तुमच्या ड्राइव्हवेला तिकीट लावा!" मी पडद्याआड उभा होतो. जिंकलो मी आणि मिरवत तो होता, अशी पैज मी दुसरी पाहिली नाही.

डिसेंबरात पहिल्याचे हाड जुळले. प्रशिक्षकाने जागा त्याला परत दिली. शहर चिडले. त्या रविवारी मी टीव्हीसमोर बसलो ते फक्त बाराव्याचा चेहरा पाहायला. तो रेषेवर उभा होता, हेल्मेट हातात. कोपर, टोपी, छाती, कान. किक मारायची वेळ आली तेव्हा नेहमीप्रमाणे गुडघ्यावर बसून चेंडू धरायला धावला. ते कामही राखीव माणसाचेच असे. चेहऱ्यावर मला हवे ते काही सापडले नाही.

त्याच आठवड्यात फ्रँक यांचा फोन आला. जानेवारीत रुजू होतो, म्हणाले.

दुसऱ्या दिवशी पहाटे बर्फ पडला. मी दुसरे फावडे घेऊन बाहेर गेलो.

"पैज तू जिंकलायस," तो म्हणाला. "आत जा."

"तुला वाईट नाही वाटलं?" मी विचारले.

"वाटलं ना. त्या दिवशी जेवलो नाही."

"मग भांडला का नाहीस? सगळं शहर तुझ्या बाजूनं होतं."

त्याने फावडे बर्फात उभे केले. "मी त्याला रोज संध्याकाळी फोन करत होतो. सांगत होतो, जागा तुझीच आहे, सावकाश ये. जागा जाईल असं वाटलं असतं तर तो दोन आठवडे आधी आला असता, आणि हाड पुन्हा मोडलं असतं. सहा सामने मी खेळलो ते सगळ्यांनी बघितलं. फोन केले, ते माझं खरं काम."

मला राग आला. उपदेश त्याने केला नव्हता. केला असता तर बरे झाले असते. जुलैपासून माझ्याही टेबलावर फोन होता आणि फ्रँक यांचा नंबर मला पाठ होता. जे मला सुचले नाही ते याला सुचावे, आणि तेही त्याच्या पगारात धरलेले काम असल्यासारखे! हेवा वाटायला आता त्याच्या प्रसिद्धीचीही गरज उरली नाही. दोघांनी मिळून रस्त्यापर्यंत बर्फ काढला.

त्या संध्याकाळी मी फ्रँक यांना फोन केला. "घाई करू नका," मी म्हणालो. "खुर्ची तुमचीच आहे." मग ते म्हणाले, "मग फेब्रुवारीत येऊ का, देश?" मी म्हणालो, या.

फेब्रुवारीत ते आले, वाळलेले, काठी टेकत. मी टेबल आवरून ठेवले होते. "बस, बस," ते मला म्हणाले. सगळी फाइल समजावून होईपर्यंत मी उभाच राहिलो. बसलो असतो तर त्या खुर्चीतून उठणे जमले नसते.

बाराव्याला त्याच महिन्याच्या शेवटी दूरच्या एका वाळवंटी शहराच्या संघाने बोलावले, पहिला म्हणून. निरोपाच्या जेवणालाही तो बसला नाही. नलिनीने डोळे पुसले. पाटणकर म्हणाले, "आता तुला नवं नाव द्यावं लागणार." तो माझ्याकडे वळला. "हिवाळा संपलेला नाही, देशमुख. उरलेला बर्फ मी देणं लागतो." मी म्हणालो, "वाळवंटातून पाठव." तो खूप हसला आणि आपले फावडे आमच्या गॅरेजच्या भिंतीला टेकवून गेला.

पुढच्या मोसमात तो टीव्हीवर दिसला. पहिला झाला तरी बाकावर बसत नव्हता. मी तेव्हाही उपप्रमुखच होतो. फ्रँक रोज येत होते, त्यांची तब्येत उत्तम होती. बाराव्याचा मला आजही हेवा वाटतो, आणि तो पगाराचा नाही.

पैजेचे सांगायचे राहिले. त्या एप्रिलमध्ये, कोणाच्या ध्यानीमनी नसताना, चांगला घोटाभर बर्फ पडला. मी त्याचे फावडे घेतले, आमचा ड्राइव्हवे साफ केला आणि मग त्याचा. घर रिकामे होते, अंगणात विक्रीची पाटी. नलिनी दारातून ओरडली, "अहो, तिथे कोण राहतं आता?"

"कोणी नाही," मी म्हणालो आणि रस्त्यापर्यंत काढत गेलो.

एकूण हिशेब असा: नोव्हेंबर ते फेब्रुवारीचा बर्फ त्याने दिला, मला. एप्रिलची ती एक सकाळ मी दिली, त्याच्या रिकाम्या घराला.