बोदवडला नसलेली खानावळ

आधीच सांगून टाकतो – भूत, भानामती, बाहेरची बाधा... असलं काही माझ्या डोक्यात कधी शिरलं नाही. आमच्या भुसावळच्या रेल्वे कॉलनीत कुणाच्या अंगात आलं, की मी घड्याळ लावून बसायचो, किती वेळ टिकतंय ते बघायला. त्यामुळे पुढचं वाचून "हाही त्यातलाच निघाला" म्हणायचं असेल, तर खुशाल म्हणा. माझं स्वतःचं म्हणून झालंय.

साल सत्त्याऐंशी. मी एका औषध कंपनीचा एमआर, डॉक्टरांना भेटून औषधं खपवणारा. जळगाव, बोदवड, इकडे पार धुळ्यापर्यंत फिरती. जळगाव स्टेशनजवळच्या एका लॉजवर आम्ही सगळे फिरतीवाले उतरायचो. तिथल्या काउंटरवर एक लांबट वही असायची. कुठल्या गावात कुठला लॉज बरा, कुठे ढेकूण, कुठल्या खानावळीत वरण पाणचट – ज्याने अनुभवलं त्याने लिहायचं, पुढच्याने वाचून जायचं. निम्मी वही माझ्या अक्षरात होती. हसू नका! कंपनीत माझे रिपोर्ट कोणी उघडूनही बघत नसे. पण इथे अनोळखी माणूस जिन्यात थांबवून विचारायचा, "तुम्हीच का ते? नशिराबादच्या चहाचं तुम्ही लिहिलेलं शंभर टक्के बरोबर निघालं." त्या दिवशी मी दोन इंच उंच व्हायचो.

आता आमच्या धंद्यातली एक वाईट खोड सांगतो. कंटाळा आला, की आम्ही गावाला न जाताच डेली रिपोर्ट भरायचो. सगळेच भरायचे. थंडीचे दिवस होते, बोदवडचा वार होता, आणि मी जळगावातच मॅटिनी बघून आलो. रिपोर्टात लिहिलं – बोदवड, सात डॉक्टर. मग धाकधूक वाटायला लागली. आमचे साहेब त्याच लॉजवर उतरत आणि वही चाळत. म्हटलं, पुरावा असलेला बरा. म्हणून वहीत ठोकून दिलं – "बोदवड. स्टेशनबाहेर डाव्या हाताला, लिंबाखाली आक्कांची खानावळ. कळण्याची (ज्वारी-उडदाची) भाकरी, भरीत फर्स्टक्लास. आक्का आग्रहाने वाढतात."

अशी खानावळ नव्हती. आक्काही नव्हत्या. सगळं माझ्या डोक्यातलं.

तीनेक आठवड्यांनी वही उघडतो तर खाली दुसऱ्याचं अक्षर – "सहमत. भरीत उत्तम." त्याखाली अजून एकाचं. मी मनात म्हटलं, वा रे पठ्ठ्यांनो, तुम्हीही घरबसल्याच बोदवड करता होय! चोराच्या वाटा चोराला ठाऊक. मजा वाटली खरं तर.

मग नाना आले. नाना धुळ्याचे, शिलाई मशीनचे सुटे भाग विकायचे, साठीला टेकलेले. वर्षापूर्वी त्यांची बायको गेली आणि तेव्हापासून त्यांना अन्नच जाईना. ताटावर बसायचे, दोन घास चिवडायचे आणि उठायचे. माझ्याच ओळखीच्या डॉक्टरांनी तपासलं, रिपोर्ट सगळे नॉर्मल. माणूस मात्र डोळ्यांदेखत वाळत चाललेला. सगळ्यांना वाटायचं, नाना काही हे वर्ष काढत नाहीत.

त्या दिवशी ते लॉजच्या बाकावर बसले होते आणि चेहऱ्यावर चक्क तुकतुकी होती.

"भाऊ, तुझे उपकार आहेत रे," नाना म्हणाले. "वहीत वाचून गेलो बोदवडला. दोन भाकरी खाल्ल्या. दोन! आक्का उठूच देईनात."

"कुठे जेवलात?" मी विचारलं.

"तूच तर लिहिलंस. लिंबाखाली. ती पांढरी एनॅमलची थाळी, निळ्या कडेची, टवका उडालेली..."

थाळीचं मी लिहिलंच नव्हतं. लिहिताना मनात आलं होतं, अगदी त्या टवक्यासकट, पण जागा पुरेना म्हणून सोडून दिलं होतं.

दुसऱ्याच दिवशी मी बोदवड गाठलं. स्टेशनबाहेर डावीकडे लिंब होता. लिंबाखाली एक बैलगाडी सोडलेली. बस्स. शेजारच्या पानवाल्या बाबांना विचारलं. ते म्हणाले, "अठी कोनती खानावय, भाऊ? मी जलमापासून अठीच हाये."

नाना दर मंगळवारी जायचे. दोन महिन्यांत गालावर मांस आलं, आवाजात जोर आला, पॅसेंजरमध्ये पत्ते कुटताना भांडायलाही लागले. आणि मी? मला झोप नाही, जिवाला चैन नाही. बरं वाटायला हवं होतं ना? पण मी आपला एकच धोसरा धरून बसलो – हा माणूस खातोय तरी काय? कोणाच्या हातचं खातोय?

एकदा नाना म्हणाले, "आक्का तुझी चौकशी करत होत्या. मला म्हणाल्या, 'त्याले सांग, बठ्ठा जेवी गयात, तू एकलाच बाकी शे.'" म्हणजे सगळे जेवून गेले, मी एकटाच राहिलोय.

मग मात्र मी एका मंगळवारी नानांबरोबरच गेलो. म्हटलं, एकदा सोक्षमोक्ष लावूच. भरदुपार, डोक्यावर ऊन. स्टेशनच्या बाहेर पडलो, नाना दोन पावलं पुढे. मी चपलेचा अंगठा नीट करायला वाकलो, सरळ झालो... नाना नाहीत. लिंब होता, बैलगाडी होती, पानवाले बाबा होते. मी अर्धा तास हाका मारत फिरलो. मग नाना लिंबामागून आले, रुमालाने हात पुसत. त्यांच्या अंगाला भाजलेल्या वांग्याचा, कांद्याच्या पातीचा वास येत होता.

"कुठे होतास रे?" माझ्यावरच चिडले. "आक्का ताट वाढून दारात उभ्या होत्या!"

खरं सांगू? भीती वाटली, पण त्याहून जास्त राग आला. जागा माझी, बाई माझी, थाळी माझी – आणि सगळे जेवून येतात, फक्त मलाच दिसत नाही! संध्याकाळी लॉजवर आलो, वही ओढली आणि ती नोंद पेनाने काळी केली. एक अक्षर दिसणार नाही अशी गिरगटून काढली. हात जराही अडखळला नाही. उलट मोकळं वाटलं.

पुढच्या मंगळवारी नाना उपाशी परत आले. "तिथं कोणीच नाही रे. चुलीची राखसुद्धा नाही." आधी सहमत लिहिणाऱ्यांना मी विचारलं, तर म्हणाले, "होती की. बंद पडली असेल."

नानांचं खाणं पुन्हा तुटलं. मी घाबरलो. तीच नोंद शब्दन् शब्द पुन्हा लिहिली. थाळीचंसुद्धा लिहिलं. नाना दोनदा जाऊन आले. काही नाही. मग त्यांचं फिरणंच थांबलं.

उन्हाळ्यात धुळ्याला त्यांच्या घरी गेलो. नाना खाटेवर, मुलगी चमच्याने पेज पाजत होती आणि ती ओघळून उशीवर येत होती. ती आत गेल्यावर मी सगळं ओकलो – मॅटिनी, खोटा रिपोर्ट, खोडलेली नोंद, सगळं.

नानांनी उशीवरची मान माझ्याकडे वळवली. मग म्हणाले, "खोटं होतं, तर असू द्यायचं होतं रे भाऊ. मन्हं पोट तर भरत व्हतं ना!"

पंधरा दिवसांनी नाना गेले. शेवटचे आठ दिवस त्यांच्या पोटात काही टिकलं नाही, असं मुलगी सांगत होती.

आक्का कोण होत्या, बाकीचे खरंच जेवले की थापा मारत होते, नाना त्या दुपारी अर्धा तास कुठे होते... मी खूप डोकं लावलं, मला आजही काही सांगता येत नाही. नोंद मात्र मी खोडली, एवढं नक्की.