उल्काताईंचं ‘नको’

उल्का आपटे यांना ‘नको’ म्हणायला विचार करावा लागत नसे. ‘हो’ म्हणायची वेळ आली की मात्र त्या दोन दिवस मागून घेत. चहा? नको. बंगलोरची नोकरी? नको. कोथरूडच्या डॉक्टरांचं स्थळ? मुळीच नको. शनिवार पेठेतल्या आपट्यांच्या घरात हा गुण पिढीजात होता, पण त्या गुणावर पोट भरणाऱ्या उल्काताई पहिल्याच.

२००५ सालची गोष्ट. उल्काताई तेव्हा चाळिशीच्या होत्या आणि स्कूटरवरून रोज धायरीला, संपत पोकळेच्या पत्र्याच्या शेडमध्ये कामाला जात. संपत इलेक्ट्रॉनिक्सचा डिप्लोमा झालेला शेतकऱ्याचा मुलगा. दूध डेअरीसाठी यंत्र बनवायचं त्याच्या डोक्यात होतं. किटली ठेवली की वजन घ्यायचं, फॅट मोजायची, दर काढायचा आणि पावती फाडून हातात द्यायची. बुधवार पेठेतून सुटे भाग आणून बोर्ड तो स्वतः जोडी. त्या बोर्डात जीव ओतायचं काम उल्काताईंचं.

जीव ओतायचा म्हणजे लिनक्स या संगणकप्रणालीचं कर्नेल, म्हणजे तिचा गाभा, त्या छोट्या प्रोसेसरच्या मापाने बेतून आत बसवायचं. बेतायचं कसं, तर संगणक विचारेल त्या प्रश्नांची उत्तरं देत. शेकडो प्रश्न. हे हवं का? ते हवं का? प्रत्येक ‘हो’ थोडी जागा खातं, आणि संपतच्या बोर्डाच्या मेमरीत जागा होती चिमूटभर. प्रत्येक प्रश्नाखाली माहिती लिहिलेली असे आणि पुष्कळदा तिच्या शेवटी एक सल्ला: शंका असेल तर नाही म्हणा. उल्काताईंनी हे पहिल्यांदा वाचलं तेव्हा त्यांना परक्या मुलुखात घरचं माणूस भेटल्यासारखं झालं. त्यांनी नकारांचा असा सपाटा लावला की एवढं अवाढव्य कर्नेल अंग चोरून त्या चिमूटभर जागेत जाऊन बसलं.

कर्नेलमध्ये एकच चैन त्यांनी चालू दिली होती. यंत्र सुरू करताना त्याच्या पडद्यावर एक म्हैस दिसे. ती संपतच्या आईची, मुक्ताबाईंची मैना. मैनाचं चित्र पाहिजेच म्हणून संपत अडून बसला आणि उल्काताईंनी, कसं कोण जाणे, मान डोलावली.

शेड मात्र टांगणीला लागली होती. संपतचे चुलते हिंदुराव गावच्या दूध सोसायटीचे चेअरमन, आणि शेडखालची निम्मी जमीनही त्यांचीच. त्यांनी सरळ सांगून टाकलं होतं, “एक दिस दुधाच्या सेंटरवर चालवून दाव. चाललं तर सोसायटी घेईल. न्हाय चाललं तर तिथं फरशीचं गोडाऊन.” नुसतं सांगून थांबले नव्हते, टेप घेऊन शेडची मापंही काढून गेले होते. त्या दिवशी उल्काताईंना जेवण गेलं नाही. आजवरच्या प्रत्येक कचेरीत त्या ‘अवघड बाई’ ठरल्या होत्या. आपलं ‘नाही’ जिथे कोणाला हवं होतं, अशी जगात ही एकच जागा. ती गेली तर आपण कुठे जाणार? पण हे बोलून दाखवतील तर त्या आपटे कसल्या!

मुक्ताबाई रोज सकाळी शेडमध्ये तांब्या घेऊन येत. “घे गं पोरी, धारेचं हाय.”

“नको मावशी.”

“एक घोट?”

“नको म्हटलं ना.”

मुक्ताबाई हसत आणि तांब्या घेऊन परत जात. चाचणीची वेळ आली तेव्हा संपत म्हणाला, “ताई, आईकडनं दूध आणू का?” उल्काताई म्हणाल्या, “दूध कशाला नासायचं? नळाला पाणी आहे की!” मग आठवडाभर त्या पाणी ओतत राहिल्या आणि यंत्र वजन घेऊन, फॅट शून्य लिहून, टराटरा पावत्या फाडत राहिलं. कुठे म्हणून अडलं नाही.

ठरल्या दिवशी सकाळी सेंटरवर हीऽ गर्दी. पहिली किटली अर्थातच मुक्ताबाईंची. पडद्यावर मैना दिसली, लोक हसले, मुक्ताबाई लाजल्या. वजन आलं. फॅट मोजायला दूध आत गेलं. आणि यंत्र गप्प! बंद करून चालू केलं. मैना दिसली, वजन आलं, पुन्हा गप्प. दुसऱ्याची किटली लावली, तेच. काही सुचेना तेव्हा संपतने बादलीतलं पाणी ओतून पाहिलं. टर्रकन पावती बाहेर!

“आता गं बया!” मुक्ताबाई म्हणाल्या. “आमच्या दुधात पानी न्हाय म्हनून रुसलं व्हय हे?”

सगळं सेंटर खदखदून हसलं. हिंदुराव हसले नाहीत. “सांजच्याला परत दूध येतंय,” ते म्हणाले. “तवर बगा काय हुतंय का. न्हायतर उद्या फरशीचा टेम्पो येतोय.”

उल्काताई सेंटरच्या पायरीवरच लॅपटॉप मांडीवर घेऊन बसल्या. त्यांनी यंत्राला वायर जोडली. यंत्राने आपलं दुखणं स्वच्छ लिहून ठेवलं होतं: प्रोग्रॅमने अशी आज्ञा दिली की जी मला कळत नाही, म्हणून त्याला थांबवलं. उल्काताई ते वाचत राहिल्या आणि त्यांचे कान तापले.

त्या प्रोसेसरला दशांशाचं गणित येतच नव्हतं. ते त्याच्या वतीने कर्नेलने करायचं असतं. तोही प्रश्न शेकडोंमध्ये येऊन गेला होता. त्याच्या खाली ‘हे बहुतेकांना लागतंच’ असंही लिहिलेलं होतं. पण तेव्हा यंत्र नुसतं वजन घेई, तेही ग्रॅममध्ये, म्हणून उल्काताईंनी आपलं ठेवणीतलं उत्तर दिलं. फॅट आणि दर मागाहून आले, दशांश घेऊन आले. नकार होता तिथेच राहिला. आणि पाण्याला कसली आलीय फॅट? शून्य दिसलं की यंत्र पुढचं गणित सोडूनच देई. रोज दाराशी आलेल्या तांब्यातलं घोटभर दूध एकदा जरी ओतलं असतं, तर हा घोळ शेडमध्येच कळला असता.

“संपतराव,” त्या म्हणाल्या, “चूक माझी आहे. सबंध माझी.”

आपटेबाईंच्या तोंडून संपतने हे शब्द कधी ऐकले नव्हते. “चला की मग,” तो म्हणाला, “संध्याकाळ लांब हाय अजून.”

यंत्र शेडमध्ये परत आणून त्यांनी त्या एका प्रश्नाचं उत्तर बदललं. हो. कर्नेल नव्याने तयार झालं आणि थोडक्यासाठी जागेत मावेना! आता काय काढायचं? काढण्यासारखं सगळं आधीच काढलेलं. नकार द्यायला काही उरलंच नाही, अशी वेळ उल्काताईंवर जन्मात पहिल्यांदा आली. उरली होती एक मैना.

संपत खाली बघू लागला. तांब्या घेऊन दारात आलेल्या मुक्ताबाईंनी दोघांची तोंडं पाहिली आणि काय झालं ते विचारून घेतलं.

“मग काढ की तिला!” त्या म्हणाल्या. “चितरातली म्हस दूध देती व्हय? खरी हाय की गोठ्यात.”

मैना गेली आणि कर्नेल मावलं. पडदा आता सुरुवातीला कोराच राहिला. उल्काताईंनी हात पुढे केला. “मावशी, तो तांब्या द्या.” यंत्रात दूध गेलं. क्षणभर काहीच झालं नाही. मग फॅटचा आकडा उमटला: सात पूर्णांक दोन दशांश. दर आला, पावती आली. संपतने ती पावती कपाळाला लावली आणि उल्काताईंनी पदराने उगाचच चष्मा पुसला.

संध्याकाळी रांग नेहमीसारखीच होती, फक्त थट्टेखोर जरा पुढे येऊन उभे होते. एकामागून एक किटल्या लागल्या, पावत्या निघाल्या. हळूहळू थट्टेखोर कंटाळले आणि आपापली फॅट शेजाऱ्याच्या फॅटशी ताडून बघण्यात गुंतले. शेवटी हिंदुरावांनी स्वतःची किटली ठेवली. पावती त्यांनी उजेडात धरून दोनदा वाचली, घडी घालून टोपीत खोचली.

“फरशीवाल्याला दुसरी जागा बगायला सांगतो,” ते म्हणाले आणि निघून गेले.

मुक्ताबाई उल्काताईंसमोर दुधाचा अर्धा पेला घेऊन उभ्या राहिल्या. उल्काताईंच्या ओठांशी जुना शब्द आलाच होता. त्यांनी तो गिळला.

“द्या,” त्या म्हणाल्या. “आणि मावशी, अर्धा कशाला? भरून द्या.”

पुढच्या वर्षी संपतने जास्त जागेचा बोर्ड बनवला. उल्काताई पुन्हा त्या शेकडो प्रश्नांपुढे बसल्या. पहिलं ‘हो’ त्यांनी दशांशाला दिलं, आणि दुसरं, कोणी आठवण करून द्यायच्या आत, मैनाच्या चित्राला.